कणकवलीकडे उताराच्या जागेत २० बाय १२ चं घर: सपाटी करावी की खांबांवर उचलावं?

व्हाळकाठ

११ गुंठे बिनशेती जागा. वरच्या रस्त्यापासून खालच्या व्हाळापर्यंत (ओढ्यापर्यंत) १२० फुटांत २० फूट उतरते. वर दीड-दोन फूट लाल माती, खाली जांभा दगड. दोन माणसांना शनिवार-रविवार राहण्यापुरतं चिऱ्याचं (जांभ्याच्या ठोकळ्यांचं) कौलारू घर बांधायचं आहे. गवंडी म्हणतात, जेसीबीने एका दिवसात सपाटी होईल, निघालेली माती खालच्या अंगाला ओतू. की सरळ खांबांवर घ्यावं? पाणी पावसाचंच साठवायचं आहे.

ओळंबा

माती खालच्या अंगाला ओतून त्यावर अर्धं घर, हे अजिबात नको. मागची बाजू जांभ्यावर आणि पुढची भरावावर बसली की पावसाळ्यात भराव दबतो, जांभा जागचा हलत नाही, आणि भिंतीला तिरकी भेग जाते. ती कितीही वेळा भरा, पुन्हा उघडते.

आधी उतार नीट मोजा. तुमचे आकडे सरासरी १:६ सांगतात, पण घराच्या जागेवर तो किती आहे ते महत्त्वाचं. राज्याच्या २०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकामाला आणि खोदाई-भरावालाही मनाई आहे. ५० फूट पारदर्शक नळी पाण्याने भरा, बुडबुडे पूर्ण निघू द्या. दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतंय ना ते पाहा (एक बुडबुडा राहिला तरी माप चुकतं). मग दर १० फुटांवर खुंटी मारून फरक लिहून ठेवा.

घराची २० फुटांची बाजू उताराला आडवी ठेवा. १२ फूट रुंदीत मग २ फुटांचाच फरक पडतो, उभी ठेवलीत तर ३ फूट ४ इंच. २ फुटांसाठी खांबांची गरज नाही. वरच्या अंगाला दीड फूट, खालच्या अंगाला साडेतीन फूट जोतं करा. पाया जांभ्यापर्यंत न्या आणि चिऱ्याच्या एकेका थराच्या उंचीने पायऱ्या पाडत उतरवा. प्रत्येक पायरीचा तळ आडवाच हवा. तिरक्या तळावर रचलेला पाया सरकतो. जोत्यात लाल माती भरू नका. डबर (ओबडधोबड दगड) आणि मुरूम ६-६ इंचांच्या थरांत, पाणी मारून, धुमसाने ठोकत भरा.

पागोळी

जोत्याइतकंच वरच्या अंगाच्या चराकडे लक्ष द्या, कारण अशा जागेत घर बिघडतं ते पाण्याने. पाऊस मातीतून झिरपतो आणि माती व जांभा यांच्या सांध्यावरून उताराकडे वाहतो. चर जर मातीतच अर्ध्यावर संपला, तर पाणी त्याच्या खालून थेट जोत्याला भिडतं. जुलैत वरच्या भिंतीला आतून वीतभर ओल दिसते ती हीच. म्हणून घरापासून ५-६ फूट वर, तळाला जांभा लागेपर्यंत चर खणा. तळाला १०० फुटांत १ फूट ढाळ द्या, आणि व्हाळाकडे जाणारा शेवटचा भाग दगडांनी बांधून घ्या, नाहीतर तिथेच घळ पडते.

अंगणासाठी गडगा (माती धरून ठेवणारी दगडी भिंत) लागला तर तो कोरडाच रचा. तळाची रुंदी उंचीच्या निम्मी, चिरे उताराच्या पोटाकडे किंचित कललेले, मागे फूटभर डबर. सिमेंटात बांधायचा असेल तर दर ५ फुटांवर ३ इंची पाइप आणि त्यामागे खडी हवीच. भिंत ढकलतं ते बहुतेक वेळा मागे कोंडलेलं पाणी. खणताना जांभ्याखाली पांढरट-गुलाबी, साबणासारखी मऊ माती लागली तर काम तिथेच थांबवून भूगर्भतज्ज्ञाला दाखवा.

व्हाळकाठ

चर जांभ्यापर्यंत हे लक्षातच आलं नव्हतं. आता टाकी. १० हजार लिटरची वरच्या अंगाला ठेवली तर पंपाशिवाय नळाला पाणी येईल का?

रानझरा

तीन फुटी पागोळ्या धरून छप्पर २६ बाय १८, म्हणजे सुमारे ४३ चौरस मीटर. ३००० मिमी पाऊस आणि त्यातला ८० टक्के हाती लागला तर लाखभर लिटर होतात. कमी पडते ती साठवण. ऑक्टोबर ते मे ३५ आठवडे, दोन दिवस, दोन माणसं, माणशी ७० लिटर: ९,८०० लिटर. तुमचा १० हजारांचा अंदाज बरोबर आहे.

पण एवढं पाणी म्हणजे १० टन वजन. घराच्या डोक्यावर किंवा गडग्यामागे ते नकोच. शिवाय टाकीचा माथा पन्हळीच्या खाली असल्याशिवाय पाणी तिच्यात उतरणार नाही. तुमच्या मापांनी वरच्या अंगाला पन्हळ जमिनीपासून सातेक फुटांवर येईल. तिथे अडीच फुटी चिऱ्याच्या ओट्यावर १ हजार लिटरची टाकी बसते. तिने बादली भरेल, शॉवर चालणार नाही. उरलेली साठवण बाजूला, जांभ्यावर, खालच्या पातळीला ठेवा आणि हातपंप लावा.

पहिल्या पावसाचं पाणी बाजूला काढायला नुसता ४ इंची पाइप पुरत नाही, त्यात मीटरला ८ लिटरच मावतात. २ मिमी पाऊस सोडायचा तर ८६ लिटर होतात, म्हणून १०० लिटरचा पिंप लावा, तळाला तोटी. सांडपाण्याचा शोषखड्डा व्हाळापासून निदान ५० फूट लांब घ्या, आणि गडग्याच्या वर कधीच नाही, नाहीतर तेच पाणी गडग्यातून फुटेल.

ओळंबा

एक राहिलं. चर आणि गडगा या मेअखेर पुरे करा आणि भिंती पावसाळ्यानंतर घ्या. जुलैत छत्री घेऊन जागेवर जा. पाणी खुंट्यांच्या कोणत्या बाजूने वाहतंय ते दिसेल, आणि जोतं दोन-चार फूट सरकवायचं असलं तर तेव्हा सरकवता येतं.