दोन वर्षांच्या लेकीला घेऊन सिंगापूर, झेपेल का?

चिऊची_आई
नमस्कार मंडळी, डिसेंबरमध्ये 8 ते 14 सिंगापूरला जायचं चाललंय, मी, नवरा, सासूबाई आणि आमची चिऊ. सगळ्यांचीच परदेशाची पहिली वेळ. चिऊ 12 तारखेला दोन वर्षांची होईल, वाढदिवस तिकडेच करायचा म्हणून तर एवढा घाट घातलाय. पण आता धाकधूक वाढायला लागलीय कारण मऊ भात नि मेतकूट सोडून तिच्या घशाखाली काही उतरत नाही, दुपारची झोप हुकली की संध्याकाळभर किरकिर, आणि एजंटने पाठवलेल्या प्लॅनमध्ये रोज सकाळी 8 ला निघून रात्री 9 ला हॉटेलवर. नवरा म्हणतो एवढे पैसे घालतोय तर सगळं बघूनच यायचं. विमानात कान दुखतात म्हणे मुलांचे, त्याचं काय करायचं? तिकीट मांडीवरचंच काढतोय. खरंखरं सांगा, जाऊ का नको?

सेंगकांगकर
जा की! पण आधी तिकीट बघा. मांडीवरचं तिकीट दोन वर्षं पूर्ण होईपर्यंतच चालतं आणि तुम्ही परत येताय 14 ला, म्हणजे येताना तिला स्वतःची सीट लागणार. एजंटला आत्ताच विचारा, काउंटरवर कळलं तर फार धावपळ होते. व्हिसाही तिचा वेगळा लागेल.

दुसरं म्हणजे इथलं, सिंगापूरचं घड्याळ भारतापेक्षा अडीच तास पुढे आहे. सकाळी 8 म्हणजे चिऊचे साडेपाच! तिला तिच्या वेळेनेच उठू द्या, 10 ला निघा, रात्री 11 पर्यंत ती टुणटुणीत असेल.

फिरायला एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, बेस्ट, सगळीकडे लिफ्ट आहेत, 0.9 मीटरपेक्षा कमी उंचीचं मूल मोठ्यांबरोबर फुकट. फक्त आत खायला-प्यायला काही देऊ नका, दंड आहे. गाडी करायची तर टॅक्सीच करा, कारण 1.35 मीटरपेक्षा बुटक्या मुलांना गाडीत चाइल्ड सीट लागते, टॅक्सीला त्यातून सूट आहे पण अ‍ॅपवरच्या खासगी गाड्यांना नाही. आणि डिसेंबर म्हणजे इथे भरपूर पाऊस, स्ट्रोलरचं प्लास्टिकचं कव्हर आणाच. बाहेर घामाच्या धारा आणि मॉलमध्ये एसीने काकडायला होतं, एक पातळ स्वेटर हाताशी असू द्या.

तांबडा_पांढरा
आम्ही मुलगा सव्वादोनचा असताना गेलेलो. पहिल्याच दिवशी सकाळी झू आणि तिथून थेट सेंटोसा बेट केलं, पोरगं जे रडायला लागलं ते थांबेचना, शेवटी तिकिटं तशीच टाकून हॉटेलवर आलो. दुसऱ्या दिवसापासून ठरवलं, एका दिवशी एकच ठिकाण आणि दुपारी खोलीवर झोप. त्या संध्याकाळी गार्डन्स बाय द बेला गेलो, तिथे पावणेआठ नि पावणेनऊला उंचउंच सुपरट्रीवर, म्हणजे झाडांसारख्या मनोऱ्यांवर, दिव्यांचा खेळ असतो, फुकट. झोप झालेली असल्यामुळे गडी जमिनीवर उताणा पडून वर बघत होता, मिटलेली मूठ उघडून प्रत्येक रंगाला "आला, आला" म्हणायचा. माझ्यासाठी अख्खी ट्रिप त्या पंधरा मिनिटांत वसूल झाली. नवऱ्याला हे वाचायला द्या.

कानांचं म्हणाल तर विमान वर चढताना नि खाली उतरताना दूध किंवा पाणी पाजत राहायचं, गिळलं की कान मोकळे होतात. उतरायच्या आधी झोपली असेल तर उठवा. हँडबॅगेत पातळ पदार्थ 100 मिलीपर्यंतच्या बाटल्यांतूनच न्यायचे असा नियम असतो, त्यातून बाळाच्या दुधाला सूट असते.

साताऱ्याची_आजी
मी नातवाबरोबर गेले होते गं. छोटा राइस कुकर ने, तांदूळ-मुगडाळ आणि मेतकुटाची बरणी चेक-इनच्या बॅगेत, खोलीत चालतो का ते हॉटेलला आधी विचार. लिटल इंडियात दहीभात, इडली सहज मिळते, आमचा नातू त्याच्यावरच राहिला. आणि सासूबाईंचे पायही दुपारी दुखणार, त्यांना चिऊजवळ खोलीवर थांबू दे, तुम्ही दोघं दोन तास फिरून या. त्यांना आधी विचार मात्र, गृहीत धरू नकोस.

चिऊची_आई
बापरे, तिकिटाचं तर डोक्यातच नव्हतं! आत्ताच एजंटला फोन केला, येतानाची सीट घ्यावीच लागेल म्हणाला. झू आणि सेंटोसा वेगवेगळ्या दिवशी टाकलं, 12 तारीख पूर्ण रिकामी ठेवलीय, फक्त संध्याकाळी सुपरट्री. आजी, सासूबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या मी स्वतःच सांगणार होते पण तुमचा हिरमोड होईल म्हणून गप्प बसले. मेतकुटाच्या डाळी भाजायला घेतल्यात त्यांनी. दहीभात तिखट नसतो ना तिथला?