दक्षिण मुंबईत मोटार आणायची? मग पैसे मोजा म्हणे!

जुना ठाणेकर: काल येथे एका सदस्याने लिहिले की, न्यूयॉर्कने ५ जानेवारी २०२५पासून मॅनहॅटनच्या दक्षिण भागात येणाऱ्या मोटारींना गर्दीच्या वेळी ९ डॉलर शुल्क लावले, तसे मुंबईनेही शीव-माहीम ओलांडणाऱ्या प्रत्येक मोटारीला लावावे. "ज्याला परवडत नाही त्याने लोकलने यावे," हे त्यांचे शेवटचे वाक्य वाचून मात्र माझा संयम सुटला. सकाळी साडेआठला ठाण्याच्या फलाटावर उभे राहून त्यांनी ते मोठ्याने म्हणून दाखवावे. उड्डाणपुलांच्या नावाखाली आम्ही वर्षानुवर्षे टोल भरला. एका नाक्यावर पन्नासची नोट दिली की पंचेचाळीस कापून उरलेल्या पाच रुपयांऐवजी खोकल्याची गोळी हातावर ठेवत. त्यांतल्या काही अजून माझ्या गाडीच्या कप्प्याला चिकटलेल्या आहेत. विधानसभेच्या तोंडावर, ऑक्टोबर २०२४मध्ये, तो टोल एकदाचा सुटला, तर आता तोच पुन्हा नव्या नावाने.

लंडनस्थित पुणेकर: आपली गल्लत होत आहे. टोलवाल्याला जितक्या गाड्या येतील तितक्या हव्या असतात. गर्दीशुल्क मात्र गाड्या आल्या नाहीत तरच सफल झाले म्हणायचे. लंडनमध्ये १७ फेब्रुवारी २००३ला पाच पौंडांनी सुरुवात झाली तेव्हा नाके उभारले नाहीत, कॅमेऱ्यांनी पाट्यांवरचे क्रमांक टिपले, बसगाड्या वाढवल्या आणि शिल्लक पैसा वाहतुकीवरच खर्च करण्याचे कायद्याने बंधन घातले. स्टॉकहोमने २००६मध्ये आधी सात महिने करून पाहिले, मगच सार्वमत घेतले. गाड्या सुमारे पाचव्या हिश्शाने कमी झाल्यावर पूर्वी नाके मुरडणाऱ्यांतले बरेच जण बाजूने झाले.

जुना ठाणेकर: "बसगाड्या वाढवल्या" हे आपण किती सहज लिहून गेलात! आमच्या बेस्टच्या स्वतःच्या गाड्या वर्षागणिक घटत गेल्या आणि मे २०२५मध्ये किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. लंडनहून उपदेश करणे सोपे आहे.

टेम्पोमालक: माझा टेम्पो भिवंडीच्या गोदामातून मशीद बंदरला माल नेतो. पूर्वी दिवसाला दोन खेपा होत, आता एक होते आणि उरलेला दिवस डिझेल जाळण्यात जातो. गोण्या काही लोकलमध्ये चढत नाहीत. दोनशे रुपये घ्या, पण दुसरी खेप होऊ द्या. ठाणेकरसाहेब, एकटा माणूस चार जणांच्या गाडीत बसून माझ्यापुढे उभा असतो, त्याचे काय?

बदलापूरची लेक: वडिलांना केमोसाठी तीन महिने, दर आठवड्याला परळला गाडीने आणले. मागच्या आसनावर उशी, पायाशी बादली. आमच्याकडूनही घेणार का? आणि सूट मिळालीच, तर ती रुग्णाला मिळेल की काचेवर आमदाराचा बिल्ला लावणाऱ्याला? नाक्यावर त्या बिल्ल्याला कोणी अडवल्याचे मी पाहिलेले नाही.

जुना ठाणेकर: अगदी मनातले बोललात. बिल्ला आमदाराचा, गाडीत बहुधा मेहुणा!

लंडनस्थित पुणेकर: हा रोग केवळ आपला नाही. अमेरिकेचा दूतावास हे शुल्क म्हणजे 'कर' असल्याचे सांगून लंडनमध्ये भरतच नाही आणि त्याची थकबाकी एक कोटी पौंडांच्या पुढे गेली आहे.

जुना ठाणेकर: म्हणजे ज्या लंडनचे गोडवे आपण गाता, तेथेही बिल्लेवाले आहेतच!

लंडनस्थित पुणेकर: आहेत, पण बाकीचे भरतात. आपल्याला एक चुकार दिसला की सगळी योजनाच बुडवायची असते.

बदलापूरची लेक: कृपया आवाज चढवू नका. माझ्या प्रश्नाचे उत्तर दोघांपैकी कोणीच दिलेले नाही.

लंडनस्थित पुणेकर: क्षमस्व. रुग्णांची नोंद रुग्णालयाने करावी आणि कॅमेऱ्याने तो क्रमांक सोडून द्यावा. यात अवघड काही नाही.

जुना ठाणेकर: कागदावर काहीच अवघड नसते. बरे, टेम्पोवाल्यांसाठी एवढे मान्य करतो की, आधी वर्षभर बस वाढवून दाखवा आणि मग शुल्क लावा. पहिली पावती मात्र बिल्लेवाल्या गाडीची फाडायची. तिचे छायाचित्र येथे लावा, मी दुसऱ्या दिवशी भरतो, तेही सुट्ट्या पैशांत.

टेम्पोमालक: तुमचे ठरले की कळवा. पुतण्याचा आत्ताच फोन आला होता. आमचा टेम्पो पाऊण तास मोहम्मद अली रोडवर उभा आहे.