फ्लॅट स्कीममधलं खत : उन्हाळ्यात सुकतं, पावसाळ्यात सडतं. काय चुकतंय?

सचिव_मनीषनगर
नागपुरात आमची २४ फ्लॅटची स्कीम. ओला कचरा रोज १४-१५ किलो निघतो. गच्चीवर २०० लिटरचे दोन निळे ड्रम ठेवले आहेत, बाजूंना अर्ध्या इंचाची भोकं पाडलेली. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कल्चरची (कुजवणाऱ्या जिवाणूंची) पावडर टाकतो. एप्रिल-मेमध्ये माल वाळून जसाच्या तसा राहतो, जुलै लागला की वास, पाणी आणि अळ्या. संत्र्याच्या दिवसांत तर सालीच साली. आता दोन घरांनी खताच्या ठरावावर सही करायला नकार दिलाय आणि बाकीचे म्हणतात, मशीन घ्या. एक विक्रेता २४ तासांत खत करून देणारं यंत्र दाखवून गेला. घ्यावं का?

पालापाचोळा
सचिव साहेब, आधी जागेचा हिशेब बघा. १५ किलो ओला कचरा म्हणजे अंदाजे ३० लिटर, दोन बादल्या. त्यात तेवढाच चुरलेला पाला धरला तर रोजचे ६० लिटर. माल बसतो हे धरूनही दोन ड्रम दहा-बारा दिवसांत गच्च. मग लोक वरून दाबतात, हवा बंद होते आणि वास सुटतो. तुमचे ड्रम दोन-तीन घरांना पुरतील, २४ घरांना नाही.

ड्रमऐवजी जाळीचे दोन चौकोन करा, ४ × ४ × ४ फूट. एकात १८०० लिटर मावतात. माल खाली बसत जातो, त्यामुळे एक भरायला दीड महिना सहज लागतो, तोवर दुसरा पिकतो. जीआय वेल्डमेश (जस्त चढवलेली लोखंडी जाळी) घ्या, आतून हिरवी शेडनेट लावा म्हणजे चुरा बाहेर सांडणार नाही. पुढची बाजू फळ्यांची ठेवा, एकेक फळी काढता आली पाहिजे. नाहीतर माल पलटायला माणूस आत उतरवावा लागतो आणि महिन्याभरात पलटणं बंद पडतं. वर एक फूट उंच उतरता पत्रा. गच्चीवर नको, खाली सावलीत.

तळाला आठ इंच काड्या-फांद्या, त्यावर दोन घमेली जुनं खत किंवा शेणखत. मग रोज कचऱ्याच्या एका बादलीला चुरलेल्या पाल्याची एक बादली. पाला अख्खा असेल तर दोन. शेवटचा थर कायम पाल्याचा, कचरा वरून दिसता कामा नये. आठवड्यातून एकदा पलटी. कल्चरची पावडर एकदा सुरुवात करून देते, एवढाच तिचा उपयोग. रोज टाकून फक्त पैसे जातात.

आता तुमचा खरा घोळ. पाला ज्या महिन्यात मिळतो त्या महिन्यात तो फारसा लागत नाही, आणि लागतो तेव्हा मिळत नाही. नागपुरात पानगळ फेब्रुवारी ते एप्रिल. तेव्हा रस्त्याकडेला ढीग लागतात आणि कुणीतरी काडी लावतं (जाळायला मनाई आहे, पण ते असो). जूनपासून तेच पान हवं असतं, तेव्हा झाड हिरवंगार. म्हणून मार्चमध्येच साठा करा. पावसाळ्याच्या १२० दिवसांना रोज ३० लिटर म्हणजे ३६०० लिटर चुरा. धान्याच्या मोठ्या कट्ट्यात (पोत्यात) ९०-१०० लिटर मावतो, म्हणजे चाळीसेक कट्टे. पान कडक वाळलेलं असताना कट्ट्यात भरून पायाने तुडवा, आपोआप चुरा होतो. जिन्याखाली ठेवा, पण मीटरच्या खोलीपासून लांब.

पान कोणतं? कडुनिंब, गुलमोहर, शिरीष उत्तम. पिंपळाचं चालतं. सागाचं जाड नि मोठं, तोडल्याशिवाय टाकलं तर पत्रावळीसारखे थर बसतात आणि मधे हवाच जात नाही.

खतकारखाना
वरच्याला दुजोरा. ओलाव्यासाठी मुठीची परीक्षा करा. मधला मूठभर माल घट्ट पिळा. बोटांतून एक-दोन थेंब आले तर बरोबर. धार लागली तर पाला घालून पलटवा. मूठ उघडताच भुगा सांडला तर पाणी हवं. मेमध्ये तुमच्याकडे हेच होत असणार. ४५ अंशांत गच्चीच्या स्लॅबवरचा ड्रम बाहेरूनच तापतो, आणि पाणी गेलं की जिवाणूंचं काम थांबतं. आठवड्यातून दोनदा पाणी द्या, तेही वरून ओतून नाही, माल हलवत शिंपडून. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी चांगलं. गांडुळं मात्र आणू नका, ३५ अंशांपुढे मरतात. नागपूरच्या उन्हाळ्यात ती टिकवणं वेगळाच उद्योग आहे.

वासावरून दोष कळतो. डोळ्यांना झोंबणारा, अमोनियासारखा वास म्हणजे पाला कमी पडला. सडक्या अंड्यासारखा म्हणजे हवा नाही, लगेच पलटवा. आंबूस म्हणजे भात, पोळ्या, फळं एकाच जागी ढिगाने पडलीत, पसरवा.

अळ्यांचं म्हणाल तर आधी बघा कुठल्या आहेत. चपट्या, खरबरीत, मातकट-करड्या असतील तर त्या काळ्या सैनिक माशीच्या. कचरा झपाट्याने खातात, त्यांची माशी चावत नाही आणि घरातल्या अन्नावर घोंगावत नाही. फक्त माल जास्त ओला आहे एवढं सांगतात. गुळगुळीत, पांढऱ्या, बारीक असतील तर त्या घरमाशीच्या, म्हणजे कचरा उघडा राहतोय.

संत्र्याच्या सालीत लिमोनीन नावाचं तेल असतं, ते जिवाणूंना सुरुवातीला जड जातं. साली एक-दोन दिवस उन्हात वाळवा, हाताने मोडा, आणि दिवसाच्या कचऱ्यात पाचवा हिस्सा एवढ्याच टाका. चुना टाकायचा सल्ला कुणी देईल, देऊ द्या. चुन्याने नत्र अमोनिया होऊन उडून जातं.

भाऊ_धरमपेठ
कूलर काढताना जुन्या ताट्या (पॅड) फेकू नका! लाकडी भुश्याच्या असतील तर जाळी सोडवून, सुटी करून टाका. माल पोकळ राहतो, हवा खेळते. आधी धुऊन घ्या मात्र, बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार बसलेला असतो. हनीकोंबवाल्या नको.

खतकारखाना
बरोबर. आणि मशीनबद्दल: २४ तासांत बाहेर येतं ते बहुतेक वेळा तापवून वाळवलेलं अन्न असतं, खत नव्हे. विक्रेत्याकडून मूठभर नमुना मागा, ओला करा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर मातीचा वास आला तर ठीक. नाक दाबावं लागलं तर तो माल कुंडीत गेल्यावर रोपाचं मूळ जाळणार. हीच परीक्षा तुमच्या स्वतःच्या खतालाही लावा. शिवाय विजेचं बिल दरमहा २४ घरांत वाटायचं आहे, तेही विचारून घ्या.

सचिव_मनीषनगर
जाळीचं पटलं. दोन शंका. खाली घुशी आहेत, नालीला लागूनच भिंत आहे. आणि आमच्याकडे सावजीचा रस्सा, हाडं नियमित असतात, ती टाकायची का?

पालापाचोळा
घूस खालून येते. म्हणून तळाला विटांची फरशी, त्याखाली पाव इंची जाळी, आणि तीच जाळी बाजूंनी फूटभर वर वळवलेली. नालीपासून तीन-चार फूट तरी सोडा. पाणी सुटलंच तर ते नालीत न सोडता डब्यात धरून पाल्यावर परत शिंपडा.

रस्सा नको. तर्रीचं तेल कचऱ्यावर लेप बसवतं आणि पाणी-हवा अडवतं. गाळून घट्ट भाग तेवढा टाका. हाडं कुजायला फार वेळ घेतात, शिवाय कुत्री येतात. ती वेगळी बांधून कचरागाडीत द्या. मांसाचे उरलेले तुकडे थोडे असतील तर ढिगाच्या मधोमध, जिथे गरम असतं तिथे पुरा. गरम आहे का ते लोखंडी सळई खुपसून दहा मिनिटांनी काढून बघा. हातात धरवत नसेल तर आत ५० अंशांच्या वर आहे.

काटकसर_बेसा
सगळे खतावर बोलताहेत, पण १५ किलोचे १२ करणं खतापेक्षा सोपं आहे. सिंकमध्ये जाळी ठेवा, कचरा रात्रभर निथळू द्या. निम्मा वास पाण्याचाच असतो. सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) काड्या, वाटाण्याच्या कोवळ्या साली फेकायच्या नसतात, त्या वरणात किंवा चटणीत जातात. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नका, चिकटलेला राहू द्या. तो तुकडा पुढे खतात सापडतो आणि चाळणीतून निघत नाही.

तुमची स्कीम मोठी कचरा उत्पादक नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत ती मर्यादा दिवसाला १०० किलोच्या वरची होती. पण वेगळं करून देणं सगळ्यांनाच बंधनकारक आहे. मिसळून दिलं तर ते सगळंच भांडेवाडीच्या कचरा डेपोत ढिगात जातं. सही न करणाऱ्या दोन घरांना जबरदस्ती करू नका, त्यांचा डबा फक्त वेगळा ठेवा. एका घराच्या डब्यातलं सॅनिटरी पॅड किंवा गोळ्यांचं पाकीट अख्खी जाळी बिघडवतं.

सचिव_मनीषनगर
तयार खत किती निघेल? कुंड्या मोजक्याच आहेत.

पालापाचोळा
महिन्याच्या ४५० किलो कचऱ्यामागे चाळून ७०-९० किलो धरा. भरणं बंद झाल्यावर ४५ दिवस पिकू द्या, मग पाव इंची चाळणीतून काढा. वर राहील ती काडी पुढच्या जाळीच्या तळाला टाका, तिच्यात जिवाणू तयारच असतात, पावडर घ्यावी लागणार नाही. कुंडीला दोन भाग माती, एक भाग खत, त्याहून जास्त नको. उरलेलं कॉलनीतल्या झाडांच्या आळ्यात घाला, मार्चच्या पानांचे कट्टे त्याच झाडांखालून भरायचे आहेत.