लातूरच्या दाटीकरणाचे प्रतिमान : मजले आणि पाणी यांचा मेळ कसा घालावा?

सर्वांना नमस्कार. लातूर शहर बाहेर पसरण्याऐवजी आतल्या आत दाट होत गेले, तर 2040 पर्यंत त्याचे रूप कसे असेल, याचे संगणकीय प्रतिमान मी पदव्युत्तर प्रबंधासाठी करत आहे. लँडसॅट उपग्रहांच्या, 30 मीटरच्या चौकटींत विभागलेल्या प्रतिमांवर सेल्युलर ऑटोमाटा पद्धत (शेजारच्या चौकटींवरून प्रत्येक चौकटीची पुढची स्थिती ठरवणारी) वापरून आडवा विस्तार बऱ्यापैकी मांडता येतो. परंतु जुने एकमजली घर पाडून तेथे चार मजली इमारत उभी राहिली, तरी प्रतिमेतील ती चौकट 'बांधलेली जमीन' म्हणूनच राहते, आणि माझा प्रश्न तर नेमका या उभ्या वाढीचाच आहे. मजल्यांसाठी मालमत्ता कराच्या नोंदींवर कितपत विसंबावे?

दुसरी अडचण मला अधिक जिव्हाळ्याची वाटते. 2016 च्या उन्हाळ्यात ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याला केवळ चटईक्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या तुलनेत किती बांधकाम करता येते, ते प्रमाण) वाढवण्याचा सल्ला देणे मला पटत नाही. म्हणून प्रभागनिहाय पाणीपुरवठ्याची क्षमता प्रतिमानात अनुल्लंघनीय मर्यादा म्हणून घालावी, की दाटीची संभाव्यता हळूहळू घटवणारा भारांक म्हणून?

छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडसाठी असे काम कोणी केले असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.