मदत हवी आहे: तापीकाठ ते सातपुडा, डासांच्या जातींची पाहणी कशी आखू?

रामराम मंडळी,

मी चोपड्याचा, प्राणिशास्त्राचा विद्यार्थी. तापीकाठच्या केळीच्या पट्ट्यापासून अनेरच्या खोऱ्याने वर सातपुड्यातल्या पाड्यांपर्यंत डासांची कोणती जात कुठे मिळते, असा प्रकल्प घेतलाय. एडिस इजिप्ती आणि क्युलेक्स ओळखता येतात. घोडं अडलंय ॲनाफिलीसपाशी, म्हणजे हिवताप पसरवणाऱ्या डासांच्या गटापाशी.

पहाटे गोठ्यात टॉर्च आणि तोंडाने ओढायची नळी घेऊन डास धरतो. वर जा नाहीतर खाली, ॲनाफिलीसमधली क्युलिसिफेसीस ही जातच जास्त. पायथ्याच्या वाहत्या, गवतकाठाच्या नाल्यांत त्याच गटातला फ्लुव्हिएटिलिस असायला हवा. दोघांतला फरक पंखाच्या तिसऱ्या शिरेवर दिसतो: क्युलिसिफेसीसची बहुतेक काळी, फ्लुव्हिएटिलिसची बहुतेक फिकट. पण डबीतून घरी येईस्तोवर पंखांवरचे खवले झडलेले, शीर काय बघणार!

दुसरी शंका जास्त छळते. गोठ्यात गुरांचं रक्त आवडणारेच येणार ना? मग माझा नकाशा डासांचा की गोठ्यांचा? आणि कोणत्या महिन्यांत फिरू?

---

भाऊ, हिवताप विभागात डास धरण्यात बरीच वर्षं गेली, म्हणून सांगतो. शंका रास्त आहे. गोठे सोडू नका, पण घरांतही बघा आणि अळ्याही गोळा करा. प्रत्येक ठिकाणी वेळ तेवढाच आणि अळ्यांसाठी उपसायच्या पाण्याच्या पळ्याही तेवढ्याच. काही मिळालं नाही तर शून्य लिहा, नाहीतर वरच्या-खालच्या गावांची तुलनाच होणार नाही.

अळी पाण्याला समांतर आडवी तरंगत असेल तर ॲनाफिलीस. क्युलेक्सची डोकं खाली करून लोंबकळते. पळी कडेच्या गवतालगत हलकेच घाला, अंगाची सावली पडली की अळ्या बुडी मारतात. प्रत्येक डबक्याच्या अळ्या वेगळ्या वाडग्यात, वर मच्छरदाणीचं कापड. कोषातून डास निघाला की पंख वाळू द्या, मगच मारा. खवले शाबूत राहतात, शिवाय तो नेमका कुठल्या पाण्यातला तेही कळतं.

भर पावसात नाले अळ्या वाहून नेतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरला जोर ओसरून डबकी राहतात, तेव्हा फिरा. क्युलिसिफेसीस म्हणजे ए ते ई अशा पाच जुळ्या जाती, भिंगाखाली वेगळ्या होत नाहीत. अहवालात ‘क्युलिसिफेसीस गट’ लिहा.

आणि पाड्यावर आदल्या दिवशी आशाताईंना सांगून ठेवा. अंधारात गोठ्यात टॉर्च मारणाऱ्याला कुत्री सोडत नाहीत.

---

आभारी आहे काका. पळी बाजारात कुठली घेऊ?

---

पांढरी, तीनशे मिलीच्या आसपासची, लांब दांड्याची. पांढऱ्यावर अळी लगेच दिसते.