चिनी संगीत नाटक: नुसतं ऐकून प्रांत कसा ओळखायचा?

प्रश्न: श्रोता_कोथरूड

पुढच्या महिन्यात आमच्या श्रवणसत्रात चिनी ऑपेरा ऐकायचा आहे. वेळ ९० मिनिटं. येणारे बहुतेक जण नाट्यसंगीतावर वाढलेले, म्हणजे ताल आणि स्वर कळतो, चिनी भाषा मात्र कुणालाच येत नाही. बीजिंगचं, दक्षिणेचं, शान्शीचं असं कानांनी वेगळं कसं ओळखायचं? आणि ऐकताना हमखास चुकतं कुठे?

ठेका_आणि_सम

आधी दोन कुळं वेगळी करा, मग प्रांतांकडे वळा.

पहिलं कुळ ठरलेल्या चालींचं. प्रत्येक चालीला नाव असतं आणि कवी तिच्या मापात शब्द बसवतो. आपल्या जुन्या नाटकाच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर 'चाल - अमुक' छापलेलं असतं, तसंच तिथे छापतात. सुचौजवळच्या खुनशानची खुनछू ही या कुळातली थोरली. १६व्या शतकात वेई ल्यांगफूने तिची गायकी घडवली. ओळखायची खूण म्हणजे आडवी बासरी. ती गळ्याला चिकटून चालते आणि एकेका अक्षरावर लांब, मुरडलेल्या हरकती येतात. थांग श्येनझूचं १५९८चं 'मुदान थिंग' हे नाटक ५५ प्रवेशांचं आहे, म्हणून रंगमंचावर बहुधा त्यातले सुटे प्रवेशच होतात. तुम्ही बागेतल्या फेरफटक्याचा घ्या.

दुसरं कुळ लयीचं. मूळ सुरावट एकच, ती ताणून किंवा आवळून निरनिराळ्या लयींत गायची. बीजिंगची जिंगजू यातली. १७९०मध्ये सम्राट छ्येनलुंगच्या ८०व्या वाढदिवसानिमित्त आन्ह्वे प्रांतातल्या नाटक मंडळ्या राजधानीत आल्या, तिथून ही घडत गेली. तिची दोन मुख्य अंगं: शीपी आणि अरह्वांग. साथीला जिंगहू, म्हणजे बांबूच्या नळीवर सापाचं कातडं मढवलेलं दोन तारांचं वाद्य. गज दोन्ही तारांच्या मधूनच फिरतो. तारांत अंतर पंचमाचं. शीपीत त्या मंद्र ध आणि ग होतात, अरह्वांगमध्ये प आणि रे. सा बदलल्यासारखा हा फरक, आणि रंग सगळा पालटतो! शीपी चपळ, उजळ. अरह्वांग गंभीर, विचारी.

आता तालाचं, कारण पुणेकर श्रोता इथेच हमखास अडखळेल. जोरदार मात्रेला 'बान' म्हणतात, ती लाकडी फळ्यांची टाळी. हलक्या मात्रेला 'यान', म्हणजे डोळा. मध्यलयीत एक बान एक यान, विलंबितात एक बान तीन यान, द्रुतात नुसत्या बान. पण १६ मात्रांसारखं आवर्तन नाही, ते शोधू नका. मध्यलयीच्या शीपीत ओळ यानवर उठते आणि बानवर टेकते. अरह्वांगमध्ये ती बानवरच उठते. एवढं एक कळलं तरी दोन्ही अंगं चटकन वेगळी लागतात.

ओळी जोडीने येतात, अक्षरं ७ (२+२+३) किंवा १० (३+३+४). पुरुषपात्राच्या शीपीत वरची ओळ बहुधा रे वर अधांतरी राहते, खालची सा वर विसावते.

मढवलेला_ढोल

वरच्यात भर. जिंगजूत मोठा गाँग (ठोकून वाजवायची काशाची थाळी) वाजला की त्याचा सूर खाली घसरतो, छोटा वाजला की वर चढतो. हे दोन आवाज पक्के ठेवा, बीजिंग पहिल्या मिनिटात कळतं. सगळ्यांना हाकणारा एकच वादक: उजव्या हातात छोट्या ढोलाची काडी, डाव्या हातात फळ्या.

'याओबान' नावाच्या प्रकारात फळी भरभर वाजते आणि गायक मात्र मोकळा, संथ गातो. ऐकणाऱ्याला वाटतं गायक तालातून सुटला. तसं नाही, ही ताणाची जागा आहे आणि मुद्दाम ठेवलेली आहे. सत्रात आधीच सांगून ठेवा.

आवाजाचंही तसंच. तरुण स्त्री आणि तरुण पुरुष कृत्रिम, वरच्या आवाजात गातात. म्हातारी आणि दाढीवाला पुरुष नैसर्गिक आवाजात. त्यामुळे 'किंचाळतात' हा शेरा सगळ्या जिंगजूला लावणं चूक आहे.

शान्शी (Shaanxi) प्रांताची छिनछ्यांग मात्र नक्की ठेवा. टणक लाकडाचे दोन तुकडे आपटून ठेका धरतात, आवाज पूर्ण ताकदीने फेकतात. तिच्यात आनंदाचा आणि दुःखाचा असे दोन स्वरसमूह आहेत. आनंदाचा सा रे ग प ध, भूपाचे स्वर. दुःखात ग आणि ध यांच्या जागी म आणि नि मुख्य होतात, म्हणजे मधमाद सारंगाच्या जवळचे. (राग नव्हे, फक्त स्वर.) त्यातला म किंचित चढा, नि किंचित उतरता, दोन्ही पेटीच्या पट्ट्यांमधले. पेटी लावून ताडून बघाल तर बेसूर वाटेल. तानपुऱ्याच्या सा वर ऐका.

श्रोता_कोथरूड

फार उपयोगी. एक घोळ: 'युएजू' नावाची दोन रेकॉर्डिंगं मिळाली. एकात सगळ्या बायका, चाल मऊ. दुसऱ्यात चक्क व्हायोलिन. एकच प्रकार आहे का?

नाट्यपद_पुणे

नाही. उच्चार सारखा, चिनी अक्षर वेगळं. पहिली झेज्यांगमधल्या शेंगचौची, १९०६ची सुरुवात. पुढे स्त्रियांच्याच मंडळ्यांनी ती गाजवली, पुरुषपात्रंही स्त्रियाच करतात. दुसरी ग्वांगदोंगची, कँटोनीजमध्ये गायली जाणारी. तिने १९२०-३०च्या सुमारास व्हायोलिन, सॅक्सोफोन घेतले, आणि तिचं गाओहू (चढ्या सुराचं दोन तारांचं गजाचं वाद्य) ल्यू वेनचेंगने त्याच काळात घडवलं. कँटोनीजमध्ये शब्दाचा चढउतार बदलला की अर्थच बदलतो, म्हणून सुरावट शब्दाच्या पाठोपाठ चालते. चालीत शब्द कोंबले तर ऐकणाऱ्याला भलताच शब्द ऐकू येतो. हेनानची 'युजू' आणखी तिसरी, तेव्हा शोधताना प्रांताचं नाव सोबत लिहाच.

क्रम असा ठेवा: खुनछू १५ मिनिटं, मग जिंगजूची शीपी आणि अरह्वांग लागोपाठ २५, छिनछ्यांग १५, दोन्ही युएजू मिळून १५. शेवटी सिचुआनची गाओछ्यांग १०: गळ्याला सुरेल वाद्याची साथच नाही, फक्त ढोल-झांजा, आणि पडद्याआडून कोरस ओळ उचलतो. उरलेली १० मिनिटं प्रश्नांना. गाँगसाठी स्पीकरचा आवाज आधी तपासा. खुनछूच्या बासरीला लावलेला आवाज जिंगजूला तसाच ठेवला तर पहिल्याच ठोक्याला लोक कान झाकतील.