मदत हवी आहे: पाने की शैवाल, नदीतल्या अळ्यांचे अन्न कसे ओळखावे?

समशीतोष्ण प्रदेशातील एका लहान, सावलीच्या नदीचे अन्नजाळे मी अभ्यासत आहे. शरद ऋतूत पाण्यात पडणारी पाने हा त्याचा पाया. पाणी तापल्यास सूक्ष्मजीव ती लवकर कुजवतात आणि वसंतापर्यंत पाण्यातील कीटकांच्या अळ्यांना पुरेशी पाने उरत नाहीत. उष्ण वर्षांत अळ्या शैवालाकडे वळतात का, हे मला तपासायचे आहे, कारण ट्राउट मासे या अळ्या खातात.

जाळीच्या पिशव्यांत पाने ठेवून पाहिली: मोठ्या छिद्रांच्या पिशवीत, जिथे अळ्या शिरू शकतात, केवळ शिरांची नक्षी उरली; अळ्यांना रोखणाऱ्या बारीक जाळीतली पाने मऊ, बुळबुळीत, पण अखंड होती. नायट्रोजनच्या समस्थानिकांनी (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) अन्नसाखळीतील पातळी कळते (दर पायरीला सुमारे ३.४ प्रति सहस्र वाढ गृहीत धरून), मात्र कार्बनची मूल्ये पाने आणि शैवाल यांत जवळजवळ सारखीच येतात. पोटातील अवशेष तपासले, पण त्यांतून शेवटचे जेवणच कळते. एकच हंगाम हाती आहे आणि मासे मारायचे नाहीत. माशांच्या परांचे (पोहण्याच्या पंखांचे) छोटे तुकडे घेता येतील.

हायड्रोजनच्या समस्थानिकांत पाने व शैवाल स्पष्ट वेगळे दिसतात, परंतु अळ्यांच्या शरीरातील काही हायड्रोजन थेट नदीच्या पाण्यातून येतो. त्या वाट्याची दुरुस्ती प्रत्येक प्रजातीसाठी स्वतंत्रपणे, प्रयोगशाळेत अळ्या वाढवून करावी लागते, की सर्वांना एकच प्रमाण लावलेले चालते?